परीक्षेसाठी राखलेला दात

त्या राज्यात मगरींना दात पुष्कळ होते, पण त्यांचे पाय स्वतःच्या तोंडापर्यंत पोचत नव्हते. म्हणून दात साफ करण्याचे काम टिटव्यांकडे आले होते.

कोणीही उठावे आणि कोणाच्याही जबड्यात शिरावे, असे मात्र चालत नसे. वाळूच्या बेटावर टिटव्यांची पाठशाळा होती. आधी मेलेल्या मगरींच्या कवट्यांत चोच चालवायची, मग जिवंत मगरींची सेवा, रोजची हजेरी, रोजचे पाठांतर आणि उन्हाळ्याच्या तोंडी बगळ्यांपुढे परीक्षा. पास होणारीच्या पायात लाल दोरा बांधला जाई. दोरा नसलेली टिटवी एकटी तोंडात सापडली आणि मगरीने तोंड मिटले, तर तो गुन्हा धरत नसत.

परीक्षेला मगर ज्या त्या टिटवीने स्वतः आणायची आणि त्या मगरीच्या एका दाताला ज्वारीच्या दाण्याएवढी कीड हवी. कमी असली तर कसब दिसत नाही, जास्त असली तर दात परीक्षेच्या कामाचा नाही. अट तशी रास्तच होती. बगळे एका पायावर उभे राहून नुसत्या नजरेने दाणा मापत, आणि त्यांचे माप कधी चुकत नसे.

कवडी नावाच्या टिटवीला थंडीत असा दात सापडला. डोहात एक म्हातारी मगर राहायची, तिला सगळ्या मावशी म्हणत. तिच्या मागच्या दातावर राजगिऱ्याएवढा काळा ठिपका होता. एका सकाळचे काम.

“मावशी, डावीकडच्या दाताला कीड लागलीय,” कवडी म्हणाली. “पण सध्या त्याला हात नको लावायला. मी लक्ष ठेवते.”

“तू म्हणशील तसं,” मावशी म्हणाली. “शिकतेयस तू, मला काय कळतंय.”

कवडी खोटे बोलली नव्हती. परसातल्या भोपळ्याकडे बघावे तशी ती रोज त्या दाताकडे बघून जायची. एकदा दुसरी एक टिटवी सहज म्हणून त्या ठिपक्याला चोच लावायला गेली, तर कवडी तिच्या अंगावर धावून गेली. तो दात तिचा होता.

थंडी सरली तशी मावशी एकाच बाजूने खाऊ लागली. मग मासे नुसते गिळू लागली. एके दिवशी तिने विचारले, “अजून किती दिवस गं?”

“परीक्षेपर्यंत सोसा ना, मावशी. इतकं सोसलंत.”

“सोसते. तुझं भलं होऊ दे.”

कवडीला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. त्या दिवशी पाठशाळेत तिची पाळी होती. पहिलाच पाठ होता: दुखरा दात आधी. तिने तो एका दमात म्हणून दाखवला.

परीक्षेच्या दिवशी मगरी वाळूवर ओळीने जबडे उघडून पडल्या. तपासणी चालू असताना तोंड मिटले की टिटवी नापास, म्हणून कवडीने बजावले, “मी सांगेपर्यंत मिटू नका हं, मावशी.” मावशीने जबडा उघडला.

थोरला बगळा वाकला. “ज्वारी केव्हाच गेली. हा हरभरा झालाय,” तो शांतपणे म्हणाला. “हा चालायचा नाही. ऊन पलीकडच्या झाडावर जाईपर्यंत दुसरी मगर आण, नाहीतर पुढच्या वर्षी ये.”

कवडीने एकदा मावशीच्या दाताकडे बघितले, एकदा उन्हाकडे. आणि ती धावत सुटली. तिच्या एका मैत्रिणीने अडीअडचणीला म्हणून एक तरुण मगर आणून ठेवली होती. तिचा दाणा अगदी मापात होता.

काम मात्र कवडीने सुरेख केले. चोच कुठे घसरली नाही, मगर जराही कण्हली नाही. बगळ्यांनी माना डोलावल्या, पायात दोरा बांधला गेला. टिटव्यांनी तिला घेरले, बराच वेळ कलकलाट चालला. ती इतकी हसली की वर्षभरात तशी हसली नव्हती.

पांगापांग झाली. मगरी एकेक करून पाण्यात उतरल्या. उन्हे कलताना कवडी घरट्याकडे निघाली, तेव्हा वाळूवर एकच जबडा उघडा दिसला. ओठ सुकून गेले होते आणि दातांवर माश्या बसल्या होत्या.

कवडी समोर जाऊन उभी राहिली. मावशीचे डोळे तिच्या पायावर गेले.

“दोरा मिळाला वाटतं,” ती जबडा न हलवता घशातूनच म्हणाली. “बरं झालं बाई. म्हणजे माझा दात कामी आला. आता मिटू का?”

कवडीने दोऱ्याचा पाय हळूच पोटाच्या पिसांत ओढून घेतला आणि ती तशीच एका पायावर उभी राहिली. लांबून बघणाऱ्याला वाटले असते, त्या उघड्या जबड्यासमोर एक लहानसा बगळा उभा आहे.