दहापर्यंत मोज

"पण दहापर्यंत मोजायचं कशाला, आण्णा? गाडी ओळखली की सांगून मोकळं व्हावं!"

विक्रांतची सुट्टी संपली होती. उद्या तो सीमेवरच्या टेहळणी चौकीवर रुजू होणार होता. तिथं त्याने 'शत्रू' म्हटलं, की मागच्या तोफा सुटणार.

रणगाडे ओळखायला त्याला शिकवलं ते सुभेदार मारुती थोरबोल्यांनी. फौजेत अशाच टेहळणी चौकीवर राहून परतलेले हे आण्णा गावातल्या पोरांना चित्रं दाखवत. नियम एकच. ओळख पटली तरी मनात दहापर्यंत मोजायचं, मग तोंड उघडायचं.

विक्रांतला तो म्हातारपणाचा चाळा वाटे.

आज त्याने लॅपटॉपवर जुनी फिल्म आणली होती. आण्णा लढले त्या युद्धातली. आघाडीवर निघालेल्या पलटणीचं शहरातलं संचलन. हार घातलेले रणगाडे, फुलं उधळणारी माणसं.

विक्रांत धडाधड नावं सांगत गेला. एकही चुकलं नाही.

"धुऊनपुसून काढलेल्या गाड्या रं ह्या," आण्णा म्हणाले. "पाठ फिरव."

त्यांनी फिल्म मागं नेली, एका जागी थांबवली. खांद्यावरचा विरलेला पंचा पडद्यावर टाकला.

"बघ आता. धुरळ्यात असंच दिसतं."

पंच्याआडून एक तोफ, एक बसका माथा...

"शत्रूचा! उडवा!"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

आण्णांनी पंचा ओढला.

रणगाडा आपलाच होता. संचलनातला चौथा. वर एक पोरगा उभा होता, गळ्यातला हार सावरत हसत होता.

विक्रांतचा चेहरा उतरला. त्याला मनापासून लाज वाटली.

आण्णांनी त्या पोराच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

"ओळखीचा होता, आण्णा?"

"शिरपा. एका ताटात जेवायचो आम्ही."

"परत... आला का तो?"

आण्णा पंच्याची घडी घालत राहिले. घडी काही नीट बसेना.

"चुकलंच माझं," विक्रांत हळूच म्हणाला. "पण तीनच सेकंद बघितलं हो मी..."

"मी तेवढंबी बघितलं नव्हतं."