संथ भाग

“चांगलं झालंय की नाही, एवढं एकच सांगा, फादर.”

“अजून लावलंस कुठे?” फादर इलियास म्हणाले.

ऑल्विन रुमाव ओशाळला. सीडी खरंच अजून त्याच्या हातातच होती.

विएन्नात शिकून आलेला, ऐंशी वादकांना नुसत्या नजरेने गप्प करणारा हा वाद्यवृंद-संचालक आज वसईजवळच्या आपल्या गावी आला होता, चर्चच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूंकडे. लहानपणी चर्चच्या गायनमंडळात याच फादरांनी त्याला पहिला सूर लावायला शिकवलं होतं. आता तो त्यांच्यापुढे स्टुलावर बसला होता, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा.

गोष्ट तशी साधी होती. जगभर गाजलेल्या तीन सिंफनींचं त्याने नवं रेकॉर्डिंग केलं होतं. ते तयार होऊनही बरेच महिने लोटले, पण ते बाजारात आणायला ऑल्विनचा होकार काही निघेना. आज त्याला हॉर्न जोरात वाटत, उद्या चेलो दबलेले. माणसं तोंड पोळल्यावर ताक फुंकतात, याने पोळायच्या आधीच फुंकायला घेतलं होतं. शेवटी रेकॉर्ड कंपनीने निक्षून कळवलं की आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर सगळं गुंडाळून ठेवतो. एवढ्या वादकांच्या मेहनतीचं मातेरं होणार आणि तेही आपल्या हातून, या विचाराने तो सकाळीच गावाकडे निघाला होता.

त्याने सीडी लावली.

फादरांनी आपली खुर्ची फिरवली. प्लेअरकडे पाठ केली आणि ते ऑल्विनकडे बघत बसले.

“फादर, असं बसून नीट ऐकू येईल ना तुम्हाला?”

“येईल. चालू दे.”

पहिली सिंफनी खोलीभर दुमदुमली. ऑल्विन स्टुलाच्या कडेला आला.

“आता ट्रम्पेट येतील…”

“आले,” फादर म्हणाले.

“इथे बासरी जरा… नाही, ठीक आहे. पुढे मात्र एक जागा आहे, तिथे व्हायोलिन…”

“तू कधी ऐकणार?”

“मी?” ऑल्विन हसला. “मी दुसरं काय करतोय, फादर? हजारदा ऐकलं असेल.”

“ऐकत नाहीयेस. राखण करतोयस.”

ऑल्विनला ते लागलं. तो गप्प झाला, पण पायाची टाच काही गप्प बसेना.

सिंफनीचा संथ भाग सुरू झाला तेव्हा मात्र त्याला राहवेना. “हे ऐका. इथे सगळे रेंगाळतात. मी मोठ्यामोठ्यांची रेकॉर्डिंग मिळवून ऐकली, पण एकाचीही लय उचलली नाही. ज्या लयीत कुणीच वाजवलं नाही, ती शोधून काढली. ऐकणाऱ्याला जांभई द्यायला जागाच ठेवली नाही.”

हे सांगताना त्याची मान थोडी ताठ झाली. भीती होती, पण अभिमानही काही कमी नव्हता.

फादरांनी तळवा वर उचलला आणि हळूच गुडघ्यावर टेकवला.

गायनमंडळातल्या प्रत्येक पोराला ही खूण पाठ होती. तळवा खाली गेला की तोंड मिटायचं आणि गाणं मनात चालू ठेवायचं. तळवा वर आला की सगळ्यांनी एकदम, एकाच जागी पुन्हा गायला लागायचं. मनातल्या मनात कुणी धावलं किंवा कुणी पेंगलं, तर ते तिथल्या तिथे उघडं पडे. ऑल्विन कधीच उघडा पडला नव्हता.

फादरांनी मागे हात नेऊन आवाजाचं बटण फिरवलं. आवाज पार बंद झाला. आत सीडी मात्र फिरत राहिली.

हे तर सोपं होतं. ऑल्विनने डोळे मिटले.

सुरुवातीला तो मात्रा मोजत होता. मग मोजायचं राहून गेलं. आत चेलो लागले. त्यांना श्वास घ्यायला जागा हवी होती, त्याने ती दिली. सनईसारखा ओबो आला. त्याचा सूर विरेपर्यंत तो थांबला, कारण तो पुरता विरण्याआधी पुढे जावंसं वाटेना. त्याची टाच केव्हा थांबली, ते त्याला कळलं नाही. उजवा हात मांडीवरून उठून हवेत हलत होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.

फादरांचं लक्ष त्या हाताकडे होतं…

त्यांनी ऑल्विनच्या गुडघ्याला बोट लावलं. त्याने डोळे उघडले, तेव्हा फादरांचा तळवा वर गेलेला होता आणि दुसऱ्या हाताने ते बटण फिरवत होते.

धाडकन नगारे कोसळले. संथ भाग संपून गेला होता आणि पुढचा अर्ध्यावर आला होता.

ऑल्विनचा हात हवेतच राहिला; त्याच्या मनात संथ भाग अजून संपलाच नव्हता.

“सीडी खराब झाली,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग हा प्लेअर…”

“नाही.”

त्याने घाईघाईने प्लेअर बंद केला. खोली एकदम शांत झाली. बाहेर विहिरीवर कुणीतरी बादली सोडली.

“म्हणजे मी चुकलो?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“मग सीडीतली लय चुकली. म्हणजे यातलं… फादर, यातलं माझं काहीच नाही. दुसरे जिथे थांबतात तिथे थांबायचं नाही, एवढंच मी केलं. आता मला कळलं की मलाही तिथे थांबायचं होतं.”

त्याने सीडी बाहेर काढून हातात धरली.

“पुन्हा रेकॉर्ड करतो म्हटलं तर कंपनी दारात उभं करणार नाही. नको म्हटलं तर वादकांना तोंड कसं दाखवू?”

“त्यांनी कसं वाजवलं?”

“जीव ओतून. मी सांगितलं तसं.”

“हं.”

“आणि हो म्हटलं, तर जन्मभर लोक हेच लावतील आणि म्हणतील, हा ऑल्विन रुमाव.”

टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. कंपनीचं नाव दिसत होतं. ऑल्विन त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

“काय सांगू, फादर?”

फादरांनी फोन उचलून त्याच्या हातात ठेवला.

“ती सीडी गेली पुढे. जाऊ दे तिला बाजारात. तू ये सावकाश.”