खडकाची टाळी

माळावरच्या प्राण्यांना टेनिसचं वेड लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. अस्वलगुरुजी पिल्लांचे दोन संघ करून खेळ शिकवायचे. चेंडू जाळीपलीकडे जावो की जाळीत अडको, मारणाऱ्याला सगळा संघ पळत येऊन टाळी द्यायचा.

कोल्हिणीला हे पटेना. "चुकलं तरी टाळी? अशानं माझं पोर वाया जाईल," असं म्हणत तिनं पिल्लाला घरी आणलं आणि दारापुढच्या खडकावर चेंडू मारायला लावलं. खडक एकही चेंडू सोडत नसे. हळूहळू पिल्लूही चुकेनासं झालं. ते हसेनासंही झालं, पण कोल्हिणीला वाटलं, पोराचं लक्ष लागलंय.

पुढं सामने झाले. पिल्लानं सगळ्यांना हरवलं. हरलेल्या सशाभोवतीसुद्धा टाळ्या द्यायला त्याच्या संघाची झुंबड उडाली. पिल्लू मात्र धावत घरी गेलं. कोल्हीण मागोमाग आली, तर ते खडकासमोर पंजा उंचावून उभं.

"अरे, जिंकलास ना तू? चल, गुरुजी वाट बघतायत."

"थांब ना आई. ह्यानं अजून टाळी दिली नाही."

कोल्हिणीनं घाईघाईनं आपला पंजा पुढं केला. पिल्लू खडकाकडेच बघत राहिलं.