पहिल्या प्रयोगासारखं

शंभर वर्षांपूर्वीचं 'संगीत शशिकंकण' चारुशीला घैसासनं चाली बदलून, पदं छाटून सांगलीत नव्यानं उभं केलं. पहिल्या अंकाला तरुणांनी वन्समोअर दिले, जुने रसिक मात्र चुळबुळत राहिले. मध्यंतरानंतर पडदा उघडला आणि पुढच्या रांगेतून समीक्षक अण्णासाहेब विद्वांस ताडकन उठले. त्यांच्या परीक्षणावर नाटकं तरत किंवा बुडत.

"बंद करा हा खेळ!" ते गरजले. "पहिल्या प्रयोगात जसं होतं, त्यात काडीचाही बदल खपवून घेणार नाही!"

"बरोबर आहे!" मागून गलका झाला. काहीजण दाराकडे निघाले. पेटीवाल्याचे हात थबकले. नायिकेच्या वेषातली चारुशीला रंगमंचावरच उभी होती. आज प्रयोग मोडला, तर तिला पुन्हा कुणी उभं करणार नव्हतं.

तिनं पुढे येऊन हात जोडले.

"मान्य, अण्णासाहेब. उरलेला अंक पहिल्या प्रयोगासारखाच करू. तेव्हा नायिकेचं काम पुरुष करायचे, म्हणून मी आत जाते. आणि बायका वर गॅलरीत, चिकाच्या पडद्याआड बसायच्या." ती अण्णासाहेबांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीकडे वळली. "काकू, तुम्हालाही उठावं लागेल. काडीचाही बदल नको म्हणतायत."

कुमुदिनीबाईंनी पदर सावरला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला पुढचं बघायचंय. तुम्ही बसताय, की एकटेच घरी जाताय?"

अण्णासाहेब बसले. हशा ओसरायच्या आतच चारुशीलेनं पेटीवाल्याला सुराची खूण केली.