हौसाचा हात

विद्यापीठाच्या टेकडीमागे, मुलींच्या वसतिगृहाला लागून, बास्केटबॉलचे एक जुने उघडे मैदान आहे. छपराखालचे नवे मैदान होऊन बरीच वर्षे लोटली, तरी मुलींच्या संघाचा वर्षातला पहिला सामना अजून याच उखडलेल्या जमिनीवर होतो. सामन्याआधी मुली मधल्या वर्तुळाभोवती उभ्या राहतात आणि मुकाट्याने उजवा हात वर करतात. नारळ नाही, भाषण नाही, कुणाचा जयजयकार नाही. मग खेळ सुरू झाला आणि कुणाकडून फाउल झाला, की पंचांची शिट्टी वाजायच्या आत तिचा हात वर गेलेला असतो. हाताला जरा उशीर झाला तर तिच्याच मैत्रिणी म्हणतात, "तवाच, तवाच." पाहुण्या संघातल्या मुली हसतात. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीसुद्धा हा एवढा एकच शब्द गावाकडच्या बोलीत का म्हणतात, हे त्यांना कळत नाही.

मैदानाच्या भिंतीवर संगमरवरी फलक आहे. 'संघासाठी स्वतःचा बळी देणाऱ्या हौसाच्या गौरवार्थ' असे त्यावर कोरले आहे. अक्षरे सुरेख आहेत, पण मजकूर खोटा आहे, असे इथली जुनी माणसे सांगतात. विद्यापीठाला एकदा कोरलेले बदलायची सवय नाही, म्हणून तो तसाच राहिला.

गोष्ट संघाच्या अगदी पहिल्या वर्षांतली. तेव्हा मैदान मुलांचे होते. ऐन दुपारी मुले जेवून आडवी झाली की तेवढा वेळ मुलींना मिळायचा. सलवार-कमीज, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, पायांत मिळतील ते बूट. जमीन अशी तापायची की चेंडूसुद्धा हाताला चटका द्यायचा म्हणे. या संघाची कप्तान होती मालन शिंत्रे. शहरातल्या गुरांच्या डॉक्टरांची मुलगी, जिभेने तिखट आणि हरणे अजिबात न सोसणारी.

हौसाला या खेळात आणले ते मालननेच. हौसा नदीपलीकडच्या गावची, वसतिगृहात नवीन आलेली. एकदा ती स्वयंपाकघरामागच्या शेवग्याच्या शेंगा काढत होती. काठी नाही, शिडी नाही. नुसती उडी मारायची आणि शेंग हातात घेऊनच खाली यायची. मालनने ते खिडकीतून पाहिले आणि ती पायात चप्पल न घालता खाली धावली. त्या दुपारपासून दोघी एकत्र खेळू लागल्या. मालनने चेंडू फेकायचा आणि हौसाने तो हवेतच पकडायचा, हे इतके बसले की बाकीच्या मुली चिडवायच्या, एकीला जांभई आली तर दुसरी तोंड उघडते.

हौसाच्या मागे एक काळजी होती. वडील नव्हते, सगळा कारभार थोरल्या भावाच्या हातात. रंगराव माणूस वाईट नव्हता, पण एका शब्दाचा होता. त्याने बहिणीला सांगून ठेवले होते, "राज्याच्या संघात नाव आलं तर लगीन एक साल पुढं ढकलतो. न्हाईतर वैशाखात अक्षता. मग चेंडूचं नाव काढायचं न्हाई." हौसाने ते मालनला सांगितले होते. म्हणजे मालनला सगळे माहीत होते, हे ऐकणाऱ्याने विसरू नये.

त्या वर्षीच्या विद्यापीठांच्या स्पर्धेचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. राज्याचा संघ निवडणारे दोघे जण खुर्च्या टाकून बसले होते. रंगरावही फेटा बांधून आला होता. सामना चुरशीचा झाला. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, हा नियम. शेवटची काही मिनिटे उरली तेव्हा मालनचे चार झाले होते आणि हौसाचेही चार.

तेवढ्यात समोरची मुलगी चेंडू घेऊन रिंगखाली शिरली. मालन आणि हौसा दोघी तिच्यावर झेपावल्या. हातांचा गुंता झाला, शिट्टी वाजली. पंच मागच्या बाजूला होते. कुणाला तरी लागले हे त्यांनी पाहिले, कुणी मारले ते दिसले नाही. त्या काळी पद्धत अशी, की फाउल जिचा तिने स्वतः हात वर करायचा. पंच थांबले.

मालनला ठाऊक होते. समोरच्या मुलीच्या मनगटात काळा दोरा होता आणि तो मालनच्या बोटांना लागला होता. त्या दोऱ्याची गाठसुद्धा तिला जाणवली होती. हात तिचाच होता. पण तो वर जाईना. आपण बाहेर गेलो तर संघ गेला, असे तिच्या मनात आले. निवडणारे बघताहेत, हेही आले. नंतर ती यांतले फक्त पहिलेच कारण सांगायची.

आणि शेजारी हौसाचा हात वर गेला.

हौसा बाहेर जाऊन बाकावर बसली. मालन खेळत राहिली, शेवटची बास्केट तिनेच टाकली आणि संघ एका गुणाने जिंकला. तो करंडक अजून कुलगुरूंच्या दालनाबाहेर कपाटात आहे. राज्याच्या संघात मालनचे नाव आले. ऐन मोक्याला डोके गमावणारी मुलगी नको, असे हौसाबद्दल निवडणारे बोलले म्हणे. वैशाखात रंगरावाने शब्द पाळला. मालन लग्नाला गेली होती. हौसाने हसून तिच्या केसांत गजरा माळला आणि दोघींनी त्या सामन्याचा विषय काढला नाही. मालनला वाटले, ही मनाने केवढी मोठी. हिने माझ्यासाठी केले आणि वर अवाक्षर काढत नाही.

पुढे मालन याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आली. आता सगळे तिला मालनबाई म्हणू लागले. दर वर्षी नव्या मुलींना त्या हौसाची गोष्ट सांगत. फाउल माझा होता, पण हौसाने संघासाठी तो स्वतःवर घेतला, असे त्या सांगत. मुलींचे डोळे भरत. पहिल्या सामन्याला हौसाच्या नावाने नारळ फुटू लागला, बाकावर तिच्या जागी हार ठेवू लागले. फलकही त्यातूनच बसला. मालनबाईंचे मन या गोष्टीवर इतकी वर्षे निवांत होते. कुणी आपल्यासाठी त्याग केला असे म्हटले, की आपण काय केले नाही ते झाकले जाते. बाईंना हे फार उशिरा कळले.

फलकाच्या समारंभाला हौसालाच बोलवायचे ठरले आणि मालनबाई स्वतः नदीपलीकडे गेल्या. हौसा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे, पण बसल्या जागीसुद्धा उंच दिसत होती. तिने चहा ठेवला, सुनेला हाक मारून ओळख करून दिली. मालनबाईंनी फलकाचे सांगितले. त्याग हा शब्द आला तशी हौसा थांबली.

"कसला त्याग गं, मालन? माझाच हात लागला हुता की."

मालनबाई हसल्या. हा हिचा जुना मोठेपणा, असे त्यांना वाटले. पण हौसाच्या चेहऱ्यावर तसले काही नव्हते.

"इतकी गर्दी झालती," ती म्हणाली, "मला वाटलं माझाच. नुसता चेंडूकडं हात न्यायचा, तर पोरीला लागला. आमचा दादा मरस्तोवर म्हणत हुता, तुझ्याच हातानं घालवलंस. खरंच की ते. आजून कधी झोपताना मनात येतंय, कशाला घातला हुता हात?"

मालनबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मग त्यांनी काळ्या दोऱ्याचे सांगितले. गाठीचे सांगितले. तुझा हात कुणाला लागलाच नव्हता, हेही सांगितले. तू मुद्दाम केलेस असे मी धरून चालले होते, असे त्या म्हणाल्या. हौसाने स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे माझा न्हवता?"

"नव्हता."

"मग तवाच सांगायचं हुतंस."

एवढेच ती बोलली. रागाने नाही आणि रडूनही नाही. पुन्हा शेंगा फोडायला लागली. बाई उठल्या तेव्हा तिने रीतीप्रमाणे त्यांना कुंकू लावले, पण दारापर्यंत पोचवायला आली नाही.

समारंभाला हौसा आली नाही. फलकावरचा पडदा दूर झाला, टाळ्या वाजल्या, मालनबाईंना बोलायला उभे केले. त्या माईकपाशी न थांबता मैदानात गेल्या, रिंगखालच्या त्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला. फाउल माझा होता, असे त्यांनी सांगितले. हे सगळ्यांना ठाऊकच होते. मग हौसाला तो स्वतःचाच फाउल वाटला होता आणि आपण गप्प राहिलो, हे कुणालाच ठाऊक नसलेले तेवढे त्यांनी सांगितले आणि हात तसाच ठेवला. पाहुणे उठून गेले, खुर्च्या उचलल्या गेल्या. संघातल्या मुलींना काय करावे सुचेना, तेव्हा एकीने जाऊन बाईंशेजारी हात वर केला, मग दुसरीने. कुणी म्हणतात, त्या दिवस मावळेपर्यंत तशा उभ्या होत्या. कुणी म्हणतात, रिंगवर येऊन बसलेल्या साळुंक्याही त्या दिवशी गप्प होत्या. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. त्या दिवसापासून नारळ बंद झाला आणि हारही.

मालनबाई असेपर्यंत दर वर्षी नदीपलीकडे आमंत्रण जाई. हौसाच्या घरून निरोप यायचा, की बरे आहे, सुगीचे दिवस आहेत. एका वर्षी तिने मुलींसाठी शेंगांचे पोते पाठवले. मुलींनी त्या भाजून मैदानाच्या कडेला बसून खाल्ल्या. बाईंनी एक उचलली आणि मुठीत धरून ठेवली, खाल्ली नाही. आज दोघीही नाहीत.

आजही पहिल्या सामन्याला बाकावरची हौसाची जागा रिकामी असते. आजही मुली मधल्या वर्तुळाभोवती हात वर करतात, आणि कुणी नवी मुलगी फाउल करून पंचांच्या तोंडाकडे बघत राहिली, की मागून हळूच आवाज येतो, "तवाच गं. तवाच."