रापणीचे दोन खुंटे

एकदा एक बेट होतं आणि त्या एका बेटावर दोन देश होते. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पार करेल एवढ्याशा बेटाला दोन देश कशाला हवेत, असं तुम्ही विचाराल. तिथले लोकही विचारत, पण आपापल्या घरात आणि हळू आवाजात. सूर्य उगवे त्या बाजूच्या देशाला उगवत म्हणत, मावळे त्या बाजूच्याला मावळत. मधल्या डोंगरातून एक ओहोळ निघून समुद्राला मिळे, तीच हद्द. तीस वर्षांपूर्वी दोघांत युद्ध झालं. ते कोणी सुरू केलं हे मला विचारू नका. दोन्हीकडे त्याची पक्की उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या तिथीला उगवतीत गूळ वाटतात, त्याच तिथीला मावळतीत चूल पेटत नाही. यावरून काय ते समजा.

ओहोळाच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर एक वृद्ध राहत असे. नकाशावर हद्दीची रेघ ओढताना तिथे शाई जरा जास्त उतरली होती आणि म्हाताऱ्याची झोपडी नेमकी त्या शाईत आली. म्हणून दोन्ही सरकारांनी तिचा नाद सोडला. तरुणपणी तो तांडेल होता, म्हणजे होडीवरचा प्रमुख. पुढे त्याचा शब्द समुद्रापेक्षा माणसांच्या कामाला जास्त येऊ लागला. दोन्हीकडचे लोक त्याला आबा म्हणत आणि भांडणं घेऊन त्याच्याकडे येत.

त्याचा एक शिष्य होता. मावळतीचा, वय बत्तीस, बुद्धी तल्लख आणि धीर मात्र बेताचा. त्याची आई मूळची उगवतीची. तो दोन वर्षांचा असताना ती आजारी वडिलांना बघायला माहेरी गेली, चार दिवसांत परत येते म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी युद्ध पेटलं. हद्द बंद झाली ती झालीच. बापाने मुलगा एकट्याने वाढवला आणि एक दिवस तोही गेला. वर्षातून एकदा, माघी पौर्णिमेला, ताटातूट झालेल्या माणसांना ओहोळाच्या दोन काठांवर तासभर उभं राहू देत. मध्ये वाहतं पाणी आणि बंदुका घेतलेले पहारेकरी. तेवढ्या वेळात काय बोलणार? जेवलास का, जेवलीस का, यातच तास सरे.

यंदा आईने पलीकडून विचारलं, "तूच आहेस ना रे?"

"मीच, आई. असं काय विचारतेस?"

"डोळ्यांवर सारा उतरलाय, सगळं धुकट दिसतं. पुढच्या खेपेला नुसता आवाज ऐकायला येईन."

शिष्य त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने एकच ध्यास घेतला. दोन्ही देश एक झाले पाहिजेत, आणि तेही लवकर. मावळतीत तो दारोदार हिंडला, उगवतीत आबांकडे येणाऱ्या ओळखीच्यांच्या हातून कागद धाडले आणि सहा महिन्यांत एकीच्या अर्जावर चारशे अंगठे गोळा केले. ते भेंडोळं आबांपुढे ठेवून तो म्हणाला, "तुमचा शब्द दोन्ही दरबारांत चालतो. सांगा आबा, हे दोन देश एक होऊ शकतील की नाही?"

आबांनी कागद उलगडलेसुद्धा नाहीत. "रापण लावून बघू," ते म्हणाले.

रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ते किनाऱ्यावरून ओढायचं फार मोठं जाळं. एक दोर किनाऱ्यावर माणसांच्या हाती द्यायचा, होडीने समुद्रात अर्धचंद्रासारखा वळसा घेत जाळं सोडायचं आणि दुसरा दोर लांबवर, दुसऱ्या माणसांच्या हाती आणून द्यायचा. मग दोन्ही रांगांनी मिळून ओढायचं. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो तांडेल असो की वाटसरू. त्या बेटावरचा किनारा एकच होता आणि पूर्वी तिथली रापणही एकच होती. एक दोर उगवतीत, दुसरा मावळतीत. युद्धानंतर ती बंद पडली. दोन्हीकडच्यांनी आपापली अर्धी रापण लावून पाहिली, पण एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला किनारा अपुरा. तेव्हापासून सगळे गळाला लागेल तेवढ्यावर भागवत होते. जुनं जाळं आबांच्या माळ्यावर होतं.

आबांनी दोन्ही ठाण्यांवर निरोप धाडला आणि एका सकाळची अनुमती मिळवली. उदात्त हेतूने मिळाली असं समजू नका. ठाण्यावरच्या शिपायांनाही बांगडे आवडतात.

त्या सकाळी किनारा माणसांनी फुलला. उगवतीच्या रांगेत अगदी शेवटी शिष्याची आई उभी होती. शेजारणीने तिच्या हातात दोर दिला होता. होडी गेली, वळसा घेऊन आली, दुसरा दोर मावळतीच्या हाती पडला. आबा वाळूत बसून राहिले आणि शिष्याला म्हणाले, "आजची हाक तू द्यायचीस."

शिष्याने हाक दिली. दोन्हीकडून दोर ओढले जाऊ लागले. तीनशे पावलांच्या अंतरावर दोन देश एकच काम करताहेत हे पाहून त्याचा ऊर भरून आला. त्याने पुन्हा आईकडे पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. "अरे, लांब लांब काय उभे राहता?" तो ओरडला. "या, एका जागी या. आज कसली हद्द?"

लोकांना तरी काय, तेवढंच हवं होतं. दोन्ही रांगा दोरासकट धावल्या, ओहोळाच्या मुखाशी एकमेकांत मिसळल्या. बहिणी बहिणींच्या गळ्यात पडल्या. चुलत्याला पुतण्या सापडला. शिष्याने आईला कवेत घेतलं, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ती दोघं नुसती रडत राहिली. पहारेकऱ्यांनाही क्षणभर काही सुचलं नाही.

तिकडे समुद्रात जाळ्याची दोन्ही टोकं अवेळी जवळ आली होती. दोर ढिले पडले, जाळं दुमडलं, त्याचा तळ उचलला गेला आणि खालून सगळी मासळी निघून गेली. जुन्या माणसांना हे कळत होतं. पण इतक्या आनंदाच्या वेळी 'मागे व्हा' असं कोण म्हणणार? वाईटपणा कोणी घ्यायचा? उगवतीचे म्हातारे म्हणाले मावळतीचे सांगतील, मावळतीच्यांना वाटलं उगवतीचे सांगतील. तीस वर्षं भांडलेल्या माणसांची चूक ती हीच, अति सौजन्याची.

जाळं ओढून आणलं तेव्हा त्यात शेवाळ आणि दोन खेकडे होते.

"तुमच्याकडून आधी दोर सुटला," कोणीतरी म्हणालं.

"धावत आधी कोण आलं? धावून यायची सवय तुमची. तेव्हाही असेच आला होतात."

तेव्हाही म्हणजे तीस वर्षांपूर्वी. एवढा एक शब्द पुरला. गुळाचा दिवस निघाला, विझलेल्या चुली निघाल्या, आणि जे एकमेकांच्या गळ्यात होते त्यांचे हात गळपट्टीला गेले. पहारेकऱ्यांनी मध्ये पडून दोन्ही रांगा वेगळ्या केल्या. शिष्याच्या हातातून आईचा हात सोडवावा लागला. ती जाताना वळून पाहत होती, पण चुकीच्या दिशेला.

शिष्य आठ दिवस झोपडीत बसून राहिला. त्याला दुःख होतं आणि रागही होता, मुख्यतः स्वतःचा. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "आता ते माघी पौर्णिमाही बंद करतील."

"करतील," आबा म्हणाले. "म्हणून त्याआधी पुन्हा एकदा रापण लावू."

आबा दोन्ही ठाण्यांवर स्वतः चालत गेले. शिपाई नाहीच म्हणत होते. तेव्हा आबा म्हणाले, "या वेळी दोन खुंटे मी माझ्या हाताने ठोकतो. खुंट्याच्या आत कोणी पाऊल टाकलं तर मला धरून न्या." खुंट्यांचं ऐकल्यावर शिपायांचा जीव भांड्यात पडला आणि अनुमती मिळाली.

ठरल्या सकाळी शिष्य पाहतो तर आबा खरंच वाळूत खुंटा ठोकताहेत. एक उगवतीत, एक मावळतीत, मध्ये तीनशे पावलं. त्यांनी दोन्ही रांगांना बजावलं, "मी खुंटा हलवल्याशिवाय कोणी जवळ सरकायचं नाही. आई दिसो, भाऊ दिसो, हातातला दोर सोडायचा नाही."

शिष्याचा संताप झाला. "आबा, हद्द एक होती ती पुरली नाही? तुम्हीही आणखी दोन आखता?"

"दोर धर," आबा म्हणाले.

शिष्याने दोर धरला. मनात म्हणाला, म्हातारा शेवटी शाईतच राहणारा. पण जाळं जड लागत होतं आणि जड दोर हातात असताना माणसाला फार वेळ रुसता येत नाही. दोन्ही रांगा लांबून एका लयीत ओढत होत्या. घटकाभराने आबा उठले, समुद्राकडे पाहिलं, मावळतीचा खुंटा उपटला आणि वीस पावलं आत आणून ठोकला. मग ओहोळ ओलांडून चालत गेले आणि उगवतीचा खुंटा तसाच आत आणला. दोन्ही रांगा तेवढ्याच सरकल्या. पुन्हा ओढणं, पुन्हा खुंटे. त्या वयात ते किती वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, देव जाणे. कोणी घाई केली की नुसता हात वर करत.

दुपार कलताना दोन्ही खुंटे ओहोळाच्या दोन काठांवर आले. जाळ्याची पिशवी बरोबर ओहोळाच्या मुखाशी लागली आणि ती इतकी जड होती की वीस जणांना हलेना. "या आता," आबा म्हणाले. त्यांनी दोन्ही खुंटे उपटून काखेत धरले.

सगळे पाण्यात उतरले. कोण कुठला हे पाहायला कोणाला सवड नव्हती. दोन्ही ठाण्यांचे हवालदार कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याची एकच कड धरून एकमेकांना "वर, वर" म्हणत होते. बंदुका किनाऱ्यावर होत्या. शिष्यही तीच कड धरून उभा होता. उगवतीच्या बाजूने दोर चाचपत कोणीतरी पाण्यातून पुढे आलं, आणि दोर संपला तिथे एक सुरकुतलेला हात त्याच्या हातावर पडला. हात थांबला, त्याने बोटं चाचपली, पुन्हा थांबला.

"त्या दिवशी रडण्यात तुला नीट पाहताच आलं नाही," आई म्हणाली. "हात मात्र तुझ्या बापाचे आहेत."

त्याला कड सोडून तिला कवेत घ्यायचं होतं. कड सोडली असती तर जाळं कलंडलं असतं. म्हणून दोघंही ती धरून शेजारी शेजारी उभी राहिली, मासळी टोपल्यांत भरून होईपर्यंत. चांगला दीड-दोन तासांचा वेळ लागला. माघी पौर्णिमेपेक्षा जास्तच. या वेळी जेवलास का याच्या पुढचंही बरंच बोलून झालं.

वाटे झाले. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, त्यामुळे हवालदारांनाही मिळाला. संध्याकाळी माणसं आपापल्या बाजूला परतली. त्या दिवशी कोणाला हाकलून द्यावं लागलं नाही.

शिष्य झोपडीत आला. आबा खुंट्यांची वाळू पुसत होते. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही त्यांना लांब ठेवताय."

"ठेवलंच," आबा म्हणाले. "लांब होते म्हणून जाळ्याला तोंड राहिलं. पहिल्या दिवशी माणसं जवळ आली ती रिकाम्या हातांनी. रिकाम्या हातांनी मिठी मारता येते, पण मिठी किती वेळ मारणार? सुटली की पुढे काय करायचं ते सुचत नाही आणि मग जुनं सगळं सुचतं. आज मध्ये जड जाळं होतं. आणि खुंट्यांचं म्हणशील, तर तुला राग हद्दीचा नव्हता रे. ती तीस वर्षं जागची हलली नाही, त्याचा होता. माझे खुंटे मी ठोकले आणि मीच उपटले, ते सगळ्यांनी पाहिलं. एवढं एकदा दिसलं की माणसं पुष्कळ धीर धरतात."

"म्हणजे एक होतील?"

"ते मला माहीत नाही, बाळा. युद्धात माझे दोन भाऊ गेले, एक इकडून लढताना आणि एक तिकडून. त्यांच्यासाठी मी गूळही वाटू शकत नाही आणि चूलही विझवू शकत नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी कुठून असणार? पण जाळं अजून खोल पाण्यात आहे, हे मला दिसतं. ते किनाऱ्याला लागेपर्यंत कोणी दोर सोडू नये. लागलं की मग सगळ्यांनी मिळून विचारा."

अंगठ्यांचं भेंडोळं कोपऱ्यात तसंच पडलं होतं. शिष्याने ते उचललं, फाडलं मात्र नाही, नीट गुंडाळून माळ्यावर जाळ्याशेजारी ठेवलं. दोन्ही खुंटे एकाच सुतळीने बांधले आणि तेही तिथेच ठेवले. मग त्याने विचारलं, "आबा, पुढची रापण कधी?"

आबा हसले. सहा महिन्यांत शिष्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना येत होतं. "पंधरा दिवसांनी," ते म्हणाले. "आईला सांगून ठेव."

"रापण पुन्हा लागेल एवढं सांगितलंय," शिष्य म्हणाला. "ती म्हणाली, डोळे गेले तरी चालेल, दोर हाताला कळतो."