दमलेल्या विहिरीचं माप

माळावरच्या ढोरखडी गावात एकच विहीर होती. नदी होती तीन कोसांवर, तीही पावसाळ्यापुरती. जवळ नदी नाही याचं गावाला वाईट वाटायचं, पण वाईट वाटून पीक येत नाही. म्हणून जुन्या माणसांनी विहिरीची एक रीत घालून दिली होती.

दसरा झाला की विहीर मोजायची. मोजायला एक दोर होता. त्याला हातहात अंतरावर गाठी मारलेल्या आणि टोकाला दगड बांधलेला. किती गाठी भिजल्या ते बघायचं आणि त्यावर हिवाळी पिकं ठरवायची. सहा किंवा त्याहून जास्त भिजल्या तर कांदा आणि गहू. चार-पाच भिजल्या तर हरभरा, त्याला दोन वेळचं पाणी पुरतं. चारच्या खाली आल्या तर जमिनीच्या ओलीवर येणारा शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, आणि करडई. मग विहिरीचा थेंबही रानाला द्यायचा नाही. ते पाणी माणसांचं आणि गुरांचं.

पण रीतीतली खरी मेख पुढेच आहे. भरलेली विहीर मोजायची नाही. आधी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत दोन मोटा चालवून ती उपसायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि पहाटे दोर सोडायचा. म्हणजे झऱ्यांनी परत किती दिलं ते कळतं. विहीर दमवून मोजावी, असं म्हातारे सांगत. माणसाचंही तसंच असतं, पण ते असो.

दोर तुळाजीच्या घरी असायचा. त्याच्या आज्याच्या काळात एकदा चैत्रातच विहीर आटली होती आणि गावाची निम्मी गुरं पाण्याच्या शोधात वाटेवरच मेली होती. त्या वर्षी आज्याने दोराला पहिली गाठ मारली. तेव्हापासून दोर सांगेल ते गाव पेरायचं. तुळाजी सरळ माणूस होता. त्याचं माप कुणी परत मोजून बघत नसे.

एका वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. पुढची नक्षत्रंही तशीच गेली. लोकांनी वर बघणंच सोडलं, उगाच मान दुखते म्हणून. मग हस्तात एका रात्री असा पाऊस कोसळला, की ओढा काठ सोडून थेट विहिरीत शिरला. सकाळी विहिरीच्या वरच्या चारच पायऱ्या कोरड्या होत्या. म्हातारी माणसंसुद्धा काठी टेकत विहीर बघायला आली.

तुळाजीच्या दारात त्या वर्षी कांद्याच्या रोपाचा एक वाफा होता. त्याच्या बायकोने, पारूने, माहेरून बी आणलं होतं. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी घालून तिने ते रोप वीतभर वाढवलं होतं. गेली तीन वर्षं दोराने कांद्याला नाही म्हटलं होतं. यंदा कांदा झाला तर त्यावर एक गाय घ्यायची, असं नवराबायकोने ठरवलं होतं. घरात दुधाचा थेंब नव्हता.

मोजणीचा दिवस तोच होता. मोटा जुंपायला बैल आणले. तेवढ्यात हैबती नावाचा शेजारी म्हणाला, "तुळाजी, पानी डोळ्यानं दिसतंय. मग बैलं कशाला दमवायची? पानी मोजायला पानी उपसायचं, हे कुठलं शहाणपन? टाक दोर आत्ताच."

बाकीचे हसले. सगळ्यांना गहू हवा होता, आणि बैल खरंच नांगरून थकलेले होते. तुळाजीला नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्याच्या डोळ्यांपुढे दारातला वाफा आला. त्याने दोर सोडला.

नऊ गाठी भिजल्या. दोर खोटं बोलला नव्हता, गाठी खरंच भिजल्या होत्या. "नऊ," तुळाजी म्हणाला, आणि लोक बियाणं काढायला घरी पळाले.

घरी आल्यावर त्याने पारूला सांगितलं. तिला आनंद झाला. मग तिने विचारलं, "उपसून मोजलं न्हवं?"

"एवढी भरलीया. उपसायची काय गरज?"

पारूने घागर उचलली. पाणी आणायला तीच जायची, आणि विहिरीच्या पायऱ्या तिच्या पायांना पाठ होत्या. त्या संध्याकाळी चारच्या जागी सहा पायऱ्या कोरड्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. मोट तर कुणी चालवलीच नव्हती. आजूबाजूची जमीन चार महिन्यांची तहानलेली होती, तीच विहिरीचं पाणी पीत होती. झरे फुटलेच नव्हते. विहिरीत होता तो फक्त ओढ्याचा लोंढा.

तिने तुळाजीला गाठलं. "अवं, पानी खाली चाललंया. आठ पायऱ्या झाल्या. गावाला सांगा."

तुळाजीला ते कळत होतं. खरं तर दोर वर ओढतानाच त्याला कळलं होतं. "आता कुठल्या तोंडानं सांगू?" तो म्हणाला. "लोक उद्यापास्नं गहू पेरायला निघालेत. आन तुझा वाफा?"

पारू तिथून उठली.

दुपारी तुळाजी जेवायला बसला. ताटात भाकरी होती आणि कांद्याच्या पातीचा झुणका. कोवळी पात, एका घासात विरघळणारी. दोन घास खाल्ल्यावर त्याचा हात थांबला.

"पात कुठली ही?"

"वाफ्यातली," पारू म्हणाली. "समदी उपटली. आता खरं बोलायला तुमची काय अडचन ऱ्हायली?"

तुळाजीने दाराबाहेर पाहिलं. वाफा मोकळा होता, माती अजून ओली होती. त्याला राग आला, पण तो पारूचा नव्हता. लाजेने त्याने ताट बाजूला सारलं. पारूचेही डोळे लाल झाले होते. एवढी सुरेख आलेली रोपं स्वतःच्या हाताने उपटणं सोपं नसतं. शेवटी ती म्हणाली, "खावा, वाया घालवू नगा." तेव्हा त्याने ताट स्वच्छ केलं, हात धुतला आणि दोर घेऊन तडक चावडीवर गेला.

"काल मी चुकीचं मोजलं," तो म्हणाला. "उद्या मोटा चालवा. परवा पहाटे परत मोजू. तवर कुणी गव्हाचा दाना टाकू नका."

लोक चिडले. पण मापाबद्दल शंका आली की कुणाला झोप लागते? दुसऱ्या दिवशी दोन मोटा दिवसभर चालल्या. उपसलेलं पाणी हौदात आणि नांगरलेल्या रानात सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं गाव काठावर उभं राहिलं. तुळाजीने दोर सोडला, वर ओढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

तीन गाठी भिजल्या होत्या.

हैबती पुढे झाला. "त्या दिशी नऊ, आज तीन. तुळाजी, यातलं खरं माप कुठलं?"

"त्या दिशी माझ्या मनात माझा वाफा हुता, म्हनून मी भरलेली विहीर मोजली," तुळाजी म्हणाला. "पारूनं त्यो वाफा उपटला. आजचं माप विहिरीचं हाय. माझ्यावरचा इस्वास उडाला आसंल तर हा घ्या दोर."

त्याने दोर काठावर ठेवला. बराच वेळ कुणी तो उचलला नाही. मग हैबतीनेच उचलला आणि तुळाजीच्या खांद्यावर टाकला. तोंडाने मात्र तो पुटपुटतच होता. त्याच्या घरात गव्हाचं बियाणं पोत्यात भरून ठेवलेलं होतं.

गावाने शाळू आणि करडई पेरली. पुढे विहिरीचं पाणी रानाला दिलं नाही. सणाला पोळ्या झाल्या नाहीत, ज्वारीच्या भाकरीवर सण झाला. पोरांनी कुरकुर केली, मोठ्यांनीही केली.

चैत्रात शेजारच्या गावची माणसं गुरं घेऊन ढोरखडीवरून निघाली. त्यांच्याकडेही हस्ताच्या पावसाने विहिरी तुडुंब भरल्या होत्या आणि त्यांनी सरसकट गहू पेरला होता. माघात गहू ओंबीवर येता येता विहिरी आटल्या. पीक गेलं आणि प्यायचं पाणीही गेलं. गुरांच्या फासळ्या मोजता येत होत्या.

ढोरखडीच्या विहिरीत अजून दोन हात पाणी होतं. हैबती कुणी न सांगता उठला, मोट जुंपली आणि परक्या गुरांसाठी हौद भरला. एक म्हातारी गाय हौदाशीच बसली आणि पाणी पिऊन पुन्हा उभी राहिली. हैबती कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. दिवसभर उपसूनही पहाटे सात गाठी भिजल्या. कांद्याचं वर्ष होतं. पण पारूने वाफा टाकलाच नव्हता. दोर ज्या घरात, त्या घराने मोजणीआधी रोप टाकायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी हैबती तिच्या दारात आला. त्याच्या डोक्यावर कांद्याच्या रोपांची भली मोठी पाटी होती.

"वहिनी," तो पाटी उतरवत म्हणाला, "गेल्या साली तुमचं रोप आमच्या गुरांनी खाल्लं आसं समजा. ही त्याची भरपाई."

पारू हसली. तिने तुळाजीला हाक मारली आणि ती दोघं दिवस मावळेपर्यंत रोपं लावत राहिली.

तात्पर्य: पीक मनात ठरवून पाणी मोजू नये, पाणी मोजून पीक ठरवावं. आणि गावासाठी मोजणाऱ्याने आधी आपल्या दारातला वाफा मोकळा करून यावं.